विंचू चावला तर मांत्रिकाकडे नाही, दवाखान्यात! पहिले काही तास ठरवतात जीव

बारामती/इंदापूर : उसाच्या पाचटाचा ढीग, सरपणाची मोळी, विटांचा थर, बांधावरचे दगड, ऊसतोड मजुरांच्या कोप्या. विंचवाला दडायला एवढी जागा पुरते. रात्री मोटार चालू करायला अनवाणी निघालेला शेतकरी किंवा खाली झोपलेलं लेकरू यांना त्याचा धोका जास्त.

प्रत्येक विंचू जीवघेणा नसतो. मोठी काळी इंगळी पाहून माणूस घाबरतो, पण जास्त घातक आहे तो छोटा लाल विंचू. त्याच्या विषामुळे शरीरात ताण वाढवणारी रसायनं एकदम उसळतात. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो आणि पुढे फुफ्फुसात पाणी भरतं.

इथंच लोकांची फसगत होते. जोराचा ठणका म्हणजे मोठा धोका, असं आपण धरतो. पण ठणका जागेवरच असेल तर बहुतेक मोठी माणसं एक-दोन दिवसांत बरी होतात. उलट ठणका कमी असूनही दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, धाप लागणं सुरू झालं, तर ती धोक्याची घंटा. लहान मुलांना तर लगेच हलवायला हवं.

यावर इलाज महाराष्ट्रातच सापडला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या रुग्णांवर रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी वापरली. आवळलेल्या रक्तवाहिन्या त्यामुळे सैल होतात. पूर्वी गंभीर रुग्णांतले सुमारे ४० टक्के दगावायचे. हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवावरची लसही उपलब्ध आहे.

मात्र गोळी वेळेत पोटात गेली तरच उपयोग. मंत्र, उतारा, चिरा देणं, घट्ट दोरी बांधणं यात हेच तास वाया जातात. ठणका आपोआप उतरला की श्रेय मांत्रिकाला जातं आणि पुढचा गंभीर रुग्णही त्याच्याच दारात नेला जातो. गोळी मात्र घरी मनाने देऊ नये. रक्तदाब एकदम उतरू शकतो. १०८ ला फोन करा, रुग्णाला लगेच दवाखान्यात न्या.

गावकऱ्यांनी ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारावा : आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिन आणि विंचवाची लस आज शिल्लक आहे का? रात्री डॉक्टर असतात का? उत्तर आधी माहीत असेल, तर ऐनवेळी धावाधाव होणार नाही.