कल्पना मोठी की ज्ञान? लोणारची साक्ष

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना वलगाव लागते आणि वलगावला पेढी नदी भेटते. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांना अमरावतीकडे नेले जात असता याच पेढीच्या काठी त्यांनी देह ठेवला. त्यामुळे या भागातल्या शाळेत ‘कल्पनाशक्ती ज्ञानापेक्षा श्रेष्ठ आहे’ असा विषय वादसभेला ठेवला, तर कल्पनेची बाजू घेणारा विद्यार्थी कोणते साक्षीदार उभे करील हे सांगायला ज्योतिषी नको. पहिला साक्षीदार आइन्स्टाइन. १९२९ साली एका मुलाखतीत त्याने कल्पनाशक्तीला ज्ञानापेक्षा वरचे स्थान दिले होते. दुसरे साक्षीदार आपले गाडगेबाबा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या माणसाने धर्मशाळा उभ्या केल्या, गावे झाडली, हजारो माणसांना विचार करायला लावले. मग पुस्तकी ज्ञान हवे कशाला? टाळ्या पडतात आणि बक्षीसही बहुधा याच वक्त्याला मिळते.

मला या टाळ्यांची थोडी काळजी वाटते. कारण टाळ्या वाजवणाऱ्यांत असे पुष्कळ विद्यार्थी असतात की ज्यांना उद्याच्या परीक्षेचा कंटाळा आलेला असतो, आणि ‘ज्ञान दुय्यम’ हे शब्द त्यांना सुटीच्या घंटेसारखे गोड लागतात. म्हणून या वादात मी तिसरा साक्षीदार बोलावणार आहे. तो आपल्या वऱ्हाडातलाच आहे आणि दगडाचा आहे. त्याचे नाव लोणारचे विवर.

बुलढाणा जिल्ह्यातले हे सरोवर तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिले असेल. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळजवळ गोल असा खड्डा. काठावरून तळ सुमारे दीडशे मीटर खाली. तळाशी खारे पाणी. हा खड्डा कसा झाला असेल?

लोकांनी याचे उत्तर फार पूर्वी दिले. लवणासुर नावाचा दैत्य येथे जमिनीखाली राहत होता. विष्णूने त्याच्या बिळावरचे झाकण उडवले आणि त्याचा वध केला. लोणार गावातले दैत्यसूदनाचे सुंदर मंदिर त्याच कथेची आठवण देते. कथा म्हणून ही कल्पना मोठी बहारीची आहे. खाऱ्या पाण्याचा उलगडा तिने केला, खड्ड्याचाही केला. पण तिच्यात एक उणीव आहे. ती खोटी असेल तर ते कसे कळावे, याची सोय तिच्यात नाही. कोणताही दगड उचलून तिला विचारता येत नाही की, बाई, तू खरी की खोटी?

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. त्यानंतर आलेल्या बहुतेक भूशास्त्रज्ञांना वाटले की हे ज्वालामुखीचेच काम. तसे वाटणे साहजिकच होते. भोवतालचा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून झाला. अशा प्रदेशात गोल खड्डा दिसला की शहाण्या माणसाच्या तोंडी ज्वालामुखीच यायचा. येथे ज्ञानाने कल्पनेची वाट अडवली, असे आपला वक्ता लगेच म्हणेल. थोडे थांबू या.

अमेरिकेतील ॲरिझोनामध्ये असाच एक, सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचा खड्डा आहे. त्याच्या आसपास लोखंडी अशनींचे तुकडे सापडत होते. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा त्या देशाचा नामांकित भूशास्त्रज्ञ. त्याच्या मनात एक धाडसी विचार आला : आकाशातून एखादा प्रचंड लोहगोल येथे आदळला असेल काय? त्या काळात असा विचार करायलाही छाती लागत होती. पण गिल्बर्ट विचारावर थांबला नाही. १८९१ साली तो तेथे गेला आणि आपल्याच कल्पनेला त्याने दोन प्रश्न विचारले. लोहगोल जमिनीत गाडला गेला असेल, तर चुंबकसूची त्याच्याकडे वळली पाहिजे. शिवाय खड्ड्यात गोलाने जागा अडवली असेल, तर काठावर साचलेला मालमसाला खड्ड्याच्या पोकळीपेक्षा जास्त भरला पाहिजे. त्याने मोजमापे घेतली. सूची वळली नाही. माल आणि पोकळी जवळजवळ सारखी भरली. गिल्बर्टने आपली लाडकी कल्पना बाजूला ठेवली आणि हा खड्डा भूगर्भातील वाफेच्या स्फोटाने झाला असा निष्कर्ष काढला. उपपत्ती कशा सुचतात आणि कशा तपासाव्यात या विषयावरील त्याचे भाषण १८९६ साली प्रसिद्ध झाले. ॲरिझोनाच्या खड्ड्याशी साम्य असणारे ठिकाण म्हणून आपले लोणारही त्याच्या नजरेत भरले होते.

आता गंमत पाहा. गिल्बर्टची कल्पना बरोबर होती! कसोटी लावण्याची रीतही आदर्श होती. तरी उत्तर चुकले. का?

हे समजण्यासाठी घरी एक प्रयोग करा. परातीत गव्हाचे पीठ किंवा चाळलेली राख घाला आणि सव्वा मीटर उंचीवरून एक कंचा सोडा. खड्डा पडेल, काठ उचलला जाईल आणि कंचा खड्ड्यातच बसलेला दिसेल. मनात येणारे चित्र हेच असते : जो पडला तो खड्ड्यात सापडलाच पाहिजे. गिल्बर्टच्या मनातही थोड्याफार फरकाने हेच चित्र होते. पण तुमचा कंचा सेकंदाला ५ मीटर वेगाने पिठावर पोचतो. अवकाशातून येणाऱ्या अशनीचा वेग सेकंदाला २० किलोमीटर असणे ही नवलाची गोष्ट नाही. हा वेग कंच्याच्या ४,००० पट झाला. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे तुमच्या पुस्तकात आहे. म्हणजे तितक्याच वस्तुमानामागे ऊर्जा झाली १ कोटी ६० लाख पट! एवढी ऊर्जा क्षणात मोकळी झाली की तो आघात राहत नाही, स्फोट होतो. आदळणाऱ्या वस्तूचा बराच भाग वितळतो, वाफ होतो, दूरवर विखुरतो. ॲरिझोनाचा तो प्रचंड खड्डा पाडणारी वस्तू अवघी ५० मीटरच्या आसपास होती, असे आज मानतात. सूची वळावी तरी कशाकडे?

गिल्बर्टला कल्पना कमी पडली नाही. अतिवेगवान आघातात काय घडते, ही माहिती त्या वेळी कमी होती. आणि ही उणीव आणखी कल्पना लढवून भरून निघण्यासारखी नव्हती. ती प्रयोगशाळांतून भरून निघाली. १९५३ साली अतिशय मोठ्या दाबाखाली क्वार्ट्‌झचे एक नवे रूप प्रयोगशाळेत तयार झाले. त्याला कोएसाइट म्हणतात. १९६० साली तेच खनिज ॲरिझोनाच्या विवरात सापडले आणि त्या खड्ड्याचा निकाल लागला.

मग लोणारलाही कोएसाइट शोधायचे, संपले काम! पण येथे पुन्हा कल्पनेची पाळी आली. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतेच, मग त्याचे नवे रूप कोठून मिळणार? बेसॉल्टवर असा आघात झाला तर त्याची खूण कोणत्या खनिजात उमटेल, हा विचार करावा लागला. बेसॉल्टमध्ये फेल्डस्पार भरपूर असते. प्रचंड दाबाची लाट त्यातून गेली की त्याचे स्फटिक न वितळताच काचेसारखे होतात. या काचेला मास्केलिनाइट म्हणतात. इतका दाब ज्वालामुखीच्या आवाक्याबाहेरचा आहे. भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी लोणारच्या दगडांत ही काच दाखवून दिली आणि १९७३ साली तो शोध प्रसिद्ध झाला. आपले विवर आकाशातून पडलेल्या पाहुण्याने केले, हे अशा रीतीने सिद्ध झाले. बेसॉल्टमधील असे विवर पृथ्वीवर फार दुर्मिळ असल्यामुळे चंद्र आणि मंगळ यांचा अभ्यास करणारेही आज लोणारकडे वळतात.

या सगळ्या हकिकतीत मोठे कोण ठरले? कल्पना नसती तर आकाशाकडे कोणी पाहिलेच नसते. ज्ञान नसते तर बरोबर कल्पनाही टाकून द्यावी लागली, आणि तशी ती टाकली गेलीही. माझे मत असे की, या दोघांची कुस्ती लावणेच चूक आहे. आइन्स्टाइनचेच उदाहरण घ्या. पडणाऱ्या माणसाला आपले वजन जाणवणार नाही, हा विचार त्याला १९०७ साली सुचला. त्यातून गुरुत्वाकर्षणाची समीकरणे हाती यायला १९१५ साल उजाडले. मधल्या काळात मार्सेल ग्रोसमान या मित्राच्या मदतीने त्याला अवघड भूमिती शिकावी लागली. चाळिशीकडे झुकलेला तो माणूस घोकंपट्टी करीत नव्हता, पण अभ्यास मात्र करीत होता.

शिक्षकबंधुभगिनींनाही एक विनंती आहे. वर्गात एखाद्या मुलाने अंदाजाने उत्तर दिले आणि ते चुकले, तर ‘पुस्तकात बघ’ म्हणून त्याला खाली बसवू नका. ‘तुझे म्हणणे खरे असेल तर आणखी काय दिसायला हवे?’ एवढेच विचारा. गिल्बर्टने स्वतःला विचारलेला प्रश्न हाच होता. चुकीच्या उत्तराची लाज वाटू लागली की मुले अंदाज करणे सोडतात. आणि अंदाज तपासायला शिकवले नाही, तर पुढे कोणतीही अफवा त्यांना खरी वाटते. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा तर्कांना ऊत आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा तो प्रताप निघाला. तर्क शेकडो होते, पण पाणी तपासल्यावर त्यांतला एकच टिकला.

आता राहिले गाडगेबाबा. ते निरक्षर होते, पण अज्ञानी नव्हते. गावोगाव पायी फिरून त्यांनी माणसे वाचली होती. त्यांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांवर प्रश्नांची सरबत्ती असे. चालत आलेल्या समजुतीला ते भर सभेत ‘हे खरे कशावरून?’ असे विचारत. आणि घरातली भांडी मोडा, पण पोरांना शिकवा, असे हा शाळा न पाहिलेला माणूस आयुष्यभर सांगत राहिला. ज्ञानाविरुद्ध साक्ष द्यायला त्यांना बोलावले, तर ते आपल्याच वकिलाला खडसावतील.

लोणारचे एक कोडे अजून शिल्लक आहे. विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षे येते, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत. वलगावच्या, लोणारच्या किंवा आणखी कोठल्या शाळेतल्या तुम्हांपैकी कोणी हे कोडे सोडवील काय? त्यासाठी नवी कल्पना लागेलच. पण तोवर पदार्थविज्ञानाचे पुस्तक मिटून ठेवू नका.