पऱ्हाटीचा कोळसा
देवळीच्या शिवारात कापसाची शेवटची वेचणी आटोपली की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पेटवून देतात. बोंडअळीला आळा बसतो खरा, पण घरचं सरपणही धुरात जातं. भट्टीत कोळसा केला तरी अळी जळतेच की! पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटाचा असा कोळसा केला, त्यासाठी तिला २००२मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. अशा कोळशाच्या कांड्या पाडायला हातयंत्र पुरतं. त्याचा दाब बेताचा, म्हणून कोळशाच्या भुकटीत पिठाची खळ कालवायची, साच्याला पाणी निथळायला भोकं ठेवायची, दांडा लांब घ्यायचा. खरी कसोटी ओली कांडी न मोडता बाहेर काढण्याची. त्यासाठी साचा तोंडाशी किंचित रुंद हवा. आणि सांधा सुटलाच, तर तो देवळीतल्याच वेल्डरकडे जोडून मिळावा, यंत्र नागपूरला न्यावं लागू नये.