दुखणे गालात, मग मान का चिरायची?

मुरूडकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. सासूबाईंच्या गालात आतून कर्करोगाची जखम निघाली. जखम रुपयाएवढी. मान चाचपली तर गाठ लागत नाही. तरी डॉक्टर म्हणतात, गालाबरोबर मानेतल्या गाठीही काढू. घरात वाद सुरू आहे. शेजारी सांगतात, चाकू लागला की रोग पसरतो. ताई विचारतात, दुखणे गालात आणि चिरायची मान, हा कुठला न्याय?

प्रश्न रास्त आहे. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

आपल्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. डोळ्याची पेशी असो की कातडीची, पुस्तक एकच. फरक एवढाच, की कुठे कोणते पान उघडे आणि कोणते मिटलेले. ही उघडझाप करणारीही काही जनुकेच असतात. त्यांना नियंत्रक म्हणू. गालाच्या अस्तरातल्या पेशी आपल्याकडच्या चिऱ्याच्या भिंतीसारख्या एकमेकींना धरून बसतात. त्या चिऱ्यांमधला चुना म्हणजे ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन. तो पक्का आहे तोवर पेशी जागा सोडत नाही.

पण आपण आईच्या पोटात असताना काही पेशींना मुद्दाम चालावे लागते. त्या जागच्या हलल्या नाहीत तर चेहऱ्याची हाडे घडायची नाहीत, कितीतरी मज्जातंतूही घडायचे नाहीत. तेव्हा 'स्नेल', 'ट्विस्ट' ही नियंत्रक जनुके जागी होतात आणि चुन्याचे पान मिटवतात. काम झाले की बहुतेक ठिकाणी गप्प होतात. ही जनुके प्रथम सापडली फळावर घोंघावणाऱ्या चिमुकल्या माशीत! पुढे २००० साली स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की कर्करोगाच्या पेशींतही हेच स्नेल ई-कॅडहेरिनचे जनुक बंद पाडते. म्हणजे रोग नवी विद्या शिकत नाही, गर्भातला जुना धडा अवेळी उघडतो. पेशी शेजारणीचा हात सोडते, लांबट होते, सरपटू लागते.

पेशीचा असा बिघाड एका दिवसात होत नाही. त्यामागे वर्षानुवर्षांची तंबाखू असते. तव्यावर भाजलेली मिश्री ही तंबाखूच, पण दात घासायची म्हणून तिला कोणी व्यसन म्हणत नाही. डॉक्टरांनी 'तंबाखू खाता का' विचारले की आपल्या आया-बहिणी खुशाल 'नाही' सांगतात.

गालातून सुटलेल्या पेशींना पहिला थांबा मिळतो तो मानेतल्या लसग्रंथींचा. तिथे पोचल्यावर पुष्कळदा चुन्याचे पान पुन्हा उघडते आणि नवी भिंत उभी राहते. २०१७ साली अमेरिकेत १८ रुग्णांच्या गाठींतली एकेक पेशी सुटी करून तपासली गेली. गाठीच्या कडेच्या पेशी अर्ध्यामुर्ध्याच बदललेल्या दिसल्या. अशा पेशी ज्या गाठीत जास्त, तिचा रोग मानेत उतरण्याचा संभवही जास्त. अशा मूठभर पेशी मानेत पोचल्या असल्या तरी बोटाला लागायच्या नाहीत.

आता न्यायाचे पाहू. परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या पुढाकाराने नेमका हाच प्रश्न तपासला गेला. तोंडाचा कर्करोग लहान आणि मानेत गाठ नाही, असे ५०० रुग्ण. काहींची मान तोंडाबरोबरच साफ केली, काहींची गाठ दिसल्यावर. निकाल २०१५ साली आला. तीन वर्षांनी पहिल्या गटात शंभरातले ८० जण हयात होते, दुसऱ्यात साडेसदुसष्ट टक्के. ताई, एवढ्या फरकाला घरातला वाद पुरत नाही. चाकूने रोग पसरतो म्हणणाऱ्यांना सांगा, पेशींना पाय आधीच फुटलेले असतात.

मान थोडे दिवस बधिर राहील, खांदा दुखेल, हात वर न्यायला त्रास होईल. व्यायाम शिकवतात, तो चुकवू देऊ नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया येतात, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. खारघरचे अ‍ॅक्ट्रेक हे टाटाचेच केंद्र आपल्या रायगड जिल्ह्यात आहे. शस्त्रक्रियेनंतर तपासणीचा कागद हाती आला की दोन आकडे विचारून घ्या : मानेतल्या किती गाठी काढल्या, आणि त्यातल्या किती गाठींत रोग निघाला. पुढे शेक द्यायचा की नाही, हे ठरवताना डॉक्टर हे आकडे पाहतात.