अस्वलाला टप्पा हवा

जगात गरीब प्राणी पुष्कळ आहेत. पण दुकानातल्या कपाटात बसलेल्या कापडी अस्वलाइतका गरीब प्राणी मी पाहिलेला नाही. दाबा, दबतो. फेका, पडतो. आणि पडला की पडतो. पुन्हा उठायचे नाव नाही. सरकारी कचेरीत अर्ज पडून राहतो, तसा पडून राहतो. अशा या ठोंब्याला आपण ‘खेळणे’ म्हणतो! माझे स्पष्ट मत आहे, की ही मुलांची उघडउघड फसवणूक आहे. जे स्वतः खेळत नाही, ते खेळणे कसले?

दीड वर्षाच्या मुलाच्या हाती काहीही द्या. वाटी, चमचा, आजोबांचा चष्मा. ते आधी तोंडात घालील आणि मग फेकील. आपण त्याला वात्रटपणा म्हणतो; खरे म्हणजे ती चौकशी असते. “मी तुला टाकलं, आता तू काय करणार?” वाटी खणखणते, चष्मा फुटतो, आजोबा ओरडतात. जो तो आपापल्या परीने उत्तर देतो. उत्तर देत नाही ते एकटे अस्वल.

परवा पुण्यात तुळशीबागेत एका दुकानदाराला मी विचारले, “हे टप्पे घेतं का हो?”

“काका, हा सॉफ्ट टॉय आहे. टप्पे हवेत तर बॉल घ्या.”

“दोन्ही एकात नाही?”

“एकात कसं असेल? मऊ ते मऊ, उसळतं ते उसळतं.”

खेळण्यांतही या गृहस्थाने जातिव्यवस्था लावून ठेवली होती! वर म्हणतो कसा, “हेच न्या. फुटत नाही, वाजत नाही, त्रास नाही.” आता हे गुण खेळण्याचे, की आदर्श भाडेकरूचे? पण मेख इथेच आहे. कापडी अस्वल घेतात मोठी माणसे, आणि घेतात ती स्वतःच्या दुपारच्या झोपेसाठी.

बरे, मऊ आणि उसळते हे एकत्र नांदत नाही, हेही खोटे. अस्वल का उसळत नाही? कारण त्याच्या पोटात पॉलिएस्टरचा पिंजलेला कापूस असतो. जमिनीवर आपटले की ते असंख्य तंतू एकमेकांवर घासतात आणि पडण्यातला सगळा जोर त्या घासण्यात ऊब होऊन जिरतो. उरलासुरला जोर लटपटणारे हातपाय खातात. रबराचे तसे नाही. रबर दाबले की जोर उसना घेते आणि बराचसा प्रामाणिकपणे परत करते. (माणसांत हा गुण दुर्मिळ आहे, माझी तीन पुस्तके याची साक्ष देतील.) अमेरिकेत १९६५ साली सुपर बॉल निघाला. नॉर्मन स्टिंगली नावाच्या रसायनतज्ज्ञाने तो पॉलिब्युटाडाइन या कृत्रिम रबरापासून केला. उसळी जबरदस्त, पण अंग टणक. त्याला कुशीत घेऊन कोण झोपणार?

मग तोड काय? तोड रोज टीव्हीवर दिसते. टेनिसचा चेंडू! अंगावर लोकरीचा झगा, पोटात पोकळ रबर. २५४ सेंटिमीटरवरून सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळलाच पाहिजे, असा नियम आहे. याला दोन कान आणि शेपूट लावायचे कोणाला सुचू नये? आणि टेनिसपर्यंत तरी कशाला जायचे? आपल्याकडची पोरे चिंध्यांच्या गोळ्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली वळी चढवून लगोरीचा चेंडू करीतच होती. त्यांना कोणी डिझायनर म्हटले नाही, एवढेच.

माझा आराखडा साधा आहे. मधोमध पोकळ रबरी गोळा. चांगला मोसंब्याएवढा, म्हणजे शिवण उसवली तरी पोराच्या घशात जायची भीती नाही. त्यावर मऊ अस्तर, पण पातळ. जाड केलेत की उसळी गेली. वरून ताणणारे विणलेले कापड. कान-पाय आखूड आणि अंगाला चिकटून. डोळे भरतकामाचे; बटणाचे डोळे उपटून गिळण्यासाठीच असतात. आणि प्राणी कोणता? कोकणातले खवले मांजर. भ्यायले की अंगाचा चेंडूच करते. निसर्गाने नमुना तयार ठेवला आहे, नुसते शिवायचे बाकी आहे.

१ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली. उत्तम झाले. पण ती खूण सांगते, की या खेळण्याने मुलाला अपाय होणार नाही. मूल हसेल का, हे कोण तपासणार?

“घरात उसळणारी वस्तू आणली तर टीव्ही फुटेल, खालचे जोशी वर येतील,” असे म्हणणारे भेटतातच. येऊ द्यात जोशी! त्या निमित्ताने तरी घरी कोणी येईल. चाळीत चेंडू टाकला की तो परत टाकायला दहा पोरे असत. मग खेळणे मुके असले तरी चालून जाई. आज बंद दाराआड एकच मूल असते, आणि आईबाप कामावर, नाहीतर मोबाइलवर. त्याने टाकलेले त्याच्याकडे परत पाठवणारे घरात कोणी नाही. रात्री कुशीत घ्यायला अस्वल ठीक आहे, मी नाही म्हणत नाही. पण दिवस फार मोठा असतो हो.

तेव्हा कारखानदारांनो, कापूस थोडा आवरा आणि पोटात रबर घाला. सगळे निमूट गिळून पडून राहायला आम्ही मोठी माणसे आहोतच. त्यात अस्वलांची भर कशाला?