संकेतस्थळाची किल्ली कोणाकडे?

दुकानाची पाटी एकदा रंगवून घेतली, की वर्षानुवर्षे तिच्याकडे पाहावे लागत नाही. संकेतस्थळाचे तसे नाही. त्याचे नाते पाटीपेक्षा रोजमेळाशी अधिक जवळचे. आजची नोंद आजच व्हावी लागते. आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी चांगला खर्च करून पेढीची संकेतस्थळे करून घेतली आहेत. परंतु दुकानाची वेळ बदलली किंवा एखाद्या मालाची विक्री थांबली, की ते स्थळ तयार करणाऱ्याला निरोप धाडावा लागतो. तो आपल्या सवडीने दुरुस्ती करतो. मग दिवाळीच्या सुट्टीची सूचना संक्रांतीपर्यंत तशीच झळकत राहते आणि गिऱ्हाईक समजते, की पेढी बंद पडली असावी.

ही पराधीनता अटळ नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर तयार केला, तेव्हा त्यात पाने वाचण्याबरोबरच लिहिण्याचीही सोय होती. पुढे जगभर पसरलेले ब्राउझर मात्र प्रामुख्याने वाचण्यापुरते राहिले आणि पान बदलणे हे जाणकाराचेच काम होऊन बसले. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी ‘विकी’ सुरू करून ब्राउझरमधूनच पान दुरुस्त करण्याची वाट मोकळी केली. विकिपीडिया याच पद्धतीवर उभा आहे. २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ‘वर्डप्रेस’ प्रसिद्ध केले. ही प्रणाली विनामूल्य मिळते. खर्च येतो तो डोमेन नावाचा, सर्व्हरवरील जागेचा आणि आरंभीच्या मांडणीचा.

तिचे तत्त्व आपल्याला अपरिचित नाही. पेढीचे लेटरहेड एकदाच छापून घेतले जाते. त्यावरील पत्र रोज नवे असते. त्याचप्रमाणे येथे स्थळाचे रूप वेगळे ठेवलेले असते आणि मजकूर वेगळा. नाव व पासवर्ड देऊन आत गेले, की पत्र टंकावे तसा मजकूर लिहावयाचा आणि एक बटण दाबावयाचे. मांडणीला धक्का न लागता नवा मजकूर गिऱ्हाइकासमोर येतो. मोबाइलवर संदेश लिहू शकणाऱ्या कोणासही हे जमण्यासारखे आहे.

मात्र ज्याला सहज लिहिता येते, त्याच्या हातून सहज चूकही होऊ शकते. पाचशेच्या जागी पन्नास पडले, तर त्याची झळ पेढीलाच बसते. बँकेत यावर जुना उपाय आहे : एकाने नोंद करावी, दुसऱ्याने ती तपासून मंजूर करावी. कर्मचाऱ्यावर अविश्वास म्हणून ही पद्धत नसते. तिच्यामुळे तोही सुरक्षित राहतो. वर्डप्रेसमध्ये हीच सोय आहे. ‘काँट्रिब्यूटर’ या दर्जाच्या व्यक्तीला सूचना किंवा लेख लिहून तपासणीसाठी पाठवता येतो, प्रसिद्ध करता येत नाही. ‘एडिटर’ तो तपासून प्रसिद्ध करतो. सर्वाधिकार ‘ॲडमिनिस्ट्रेटर’कडे असतात. मजकुराच्या पूर्वीच्या आवृत्त्याही जपल्या जातात; खतावणीतील जुने पान उलटावे तशी आधीची आवृत्ती पाहता येते आणि परतही आणता येते.

म्हणून घरातील नव्या पिढीने मजकूर लिहावा, वडीलधाऱ्यांपैकी एकाने नजरेखालून घालावा. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असावे. एकच पासवर्ड चौघांत फिरू नये. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. ज्या पानावर रक्कम भरण्यासाठी बँक खात्याचा क्रमांक दिला आहे, ते पान बदलण्याचा अधिकार मालकाखेरीज कोणासही देऊ नये. तेथील एक आकडा बदलला, तर गिऱ्हाइकाचे पैसे भलत्याच खात्यात जातील.

याहून महत्त्वाची बाब मालकीची. डोमेन नाव पेढीच्या नावे नोंदलेले आहे, की स्थळ तयार करणाऱ्याच्या, हे अवश्य पाहावे. नोंदणीला मुदत असते आणि नूतनीकरणाची सूचना नोंदवलेल्या ई-मेलवर येते. तो ई-मेल पेढीचा नसेल, तर मुदत कधी उलटली हेही कळणार नाही. सर्वाधिकाराचे खाते आणि स्थळाची ताजी प्रत आपल्याकडे असावी. दुकानाचे भाडेपत्र आपण परक्याच्या नावे करतो काय?

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांस तर ही शिस्त कायद्यानेच घातली आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार संस्थेचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्काची माहिती आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव स्थळावर द्यावे लागते. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावयाची असते. अधिकारी बदलला आणि पानावर जुनेच नाव राहिले, तर तक्रार पोहोचणार कोणाकडे?

या महिन्यात एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी. आपले संकेतस्थळ उघडून गिऱ्हाइकाच्या नजरेने ओळन् ओळ वाचावी, जुने झालेले वहीत टिपावे आणि ते दुरुस्त करण्याची किल्ली कोणाकडे आहे, याची चौकशी करावी. ती बाहेर असेल, तर संबंध गोड असतानाच मागून घ्यावी.