तुमच्या मंडळात किती पाऊस पडला, हे ठरवतं कोण?

२६ नोव्हेंबर २०२३ चा रविवार निफाडचे द्राक्ष बागायतदार विसरलेले नाहीत. अवकाळी पाऊस आणि गारांनी हाताशी आलेल्या बागांची वाट लावली. पाऊस किती झाला, हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण हवामान आधारित फळपीक विम्यात डोळ्यांची साक्ष चालत नाही. अवेळी पाऊस किंवा कमी तापमानाची भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर. मर्यादा ओलांडल्याची नोंद झाली तर पैसे, नाही तर नाही.

हे केंद्र कोणाचं?

राज्य सरकार आणि स्कायमेट ही खासगी कंपनी यांनी २०१७ मध्ये ‘महावेध’ प्रकल्प सुरू केला. जागा सरकारची, केंद्र उभारणं आणि चालवणं कंपनीकडे. राज्यभरात अशी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं आहेत. पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा तिथे मोजली जाते. एवढं जाळं सरकारने एकट्याने इतक्या लवकर उभं केलं नसतं, हे मान्य करायलाच हवं.

मग अडचण कुठे आहे?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत एक गोष्ट पक्की शिकवतात: सेन्सरने दाखवलेला आकडा तपासल्याशिवाय वहीत लिहायचा नाही. पर्जन्यमापकात पाचोळा अडकला, केंद्राशेजारी झाड वाढलं, तरी नोंद बिघडते. शिवाय पाऊस मंडळाची हद्द पाहून पडत नाही. एका शिवारात धो धो आणि शेजारच्या गावात रस्ता कोरडा, हे नाशिककरांना नवीन नाही.

म्हणजे एका यंत्राच्या आकड्यावर अनेक गावांची भरपाई ठरते. ते यंत्र शेवटचं कधी तपासलं, हे मात्र हप्ता भरणाऱ्याला सहज कळत नाही. कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस दिसतो, ही चांगली सुरुवात आहे. पण विम्यासाठी तापमानाचा आकडाही तितकाच मोलाचा आहे.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यात

निर्यातीच्या द्राक्षांसाठी अपेडाची ‘ग्रेपनेट’ ही ऑनलाइन व्यवस्था २००६ पासून आहे. बागेची नोंदणी कृषी विभागाकडे, कीटकनाशकांच्या अंशाची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, माल पाठवणारा खासगी निर्यातदार. सगळ्यांची माहिती एकाच साखळीत. युरोपातल्या खोक्यावरून मूळ बागेपर्यंत पोहोचता येतं.

तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे युरोपने आपली द्राक्षं अडवली, कारण हे रसायन तपासणीच्या यादीतच नव्हतं. काय मोजायचं हे ठरवताना चूक झाली आणि तिची किंमत बागायतदाराने मोजली.

आता काय करायला हवं?

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी सतरावं उद्दिष्ट भागीदारीचं आहे. वेळेवर मिळणारी, विश्वासार्ह आकडेवारी त्यातच येते. केंद्राने जुलै २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘विंड्स’ उपक्रमात तर ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापकांचं जाळं अपेक्षित आहे. यंत्रं वाढणार असतील, तर करारात तीन अटी आत्ताच घालायला हव्यात.

१. विमा ज्या आकड्यावर ठरतो, तो त्याच दिवशी मोबाइलवर, मराठीत आणि मोफत दिसावा.

२. प्रत्येक केंद्राच्या तपासणीची तारीख आणि फोटो आकड्यासोबत असावा.

३. आकड्यावर शंका असेल तर ठरावीक मुदतीत त्रयस्थ तपासणी व्हावी.

‘आकडे फुकट दिले तर कंपनीने कमवायचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे. अंदाज, विश्लेषण, पीक सल्ला कंपनीने जरूर विकावा. पण एका मंडळातला एका दिवसाचा पाऊस त्या मंडळातल्या शेतकऱ्याला पाहू दिल्याने कोणाचा धंदा बुडत नाही. जागा सार्वजनिक आहे, विम्याच्या हप्त्यात सरकारचाही वाटा आहे. मग आकडा तेवढा खासगी कसा?

तुमच्या मंडळाचं केंद्र नेमकं कुठे आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल, तर पुढचा हप्ता भरण्याआधी कृषी सहायकाला एवढं जरूर विचारा.