तलाक सिद्ध कोणी करायचा?

तलाकचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, "इंग्रजांच्या कोर्टातसुद्धा शरियतच चालायची, आता तुम्ही कोण तिला हात लावणारे?" दुसरा म्हणतो, "शरियत निर्मळ होती, इंग्रज न्यायाधीशांनी ती नासवली." कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात ही दोन्ही वाक्यं मी सारख्याच ठामपणे उच्चारलेली ऐकली आहेत. माझं म्हणणं असं की दोन्ही चूक आहेत, आणि दोन्हींची किंमत बाईच मोजते.

आधी पहिलं वाक्य घेऊ. मुंबई इलाख्याच्या मुलखात न्याय कोणत्या कायद्याने करायचा, हे १८२७च्या चौथ्या रेग्युलेशनच्या २६व्या कलमाने ठरवलं होतं. पहिला मान सरकारी कायद्याला. तो नसेल तर त्या मुलखातली वहिवाट. वहिवाटही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. म्हणजे बोरघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुसलमानाची शरियत कागदोपत्री तिसऱ्या पायरीवर उभी होती. तरीही १८६४पर्यंत निदान कायदा सांगणारे मौलवी आणि काझी कोर्टाच्या पदरी असत. त्या वर्षीच्या कायद्याने ती पदंच गेली. १८८०च्या कायद्याने काझी परत आले, पण निवाड्याचा अधिकार त्यांना मिळाला नाही.

मग शरियत कोर्टात आली कुठून? पुस्तकांतून. 'हिदाया' हा सुन्नींमधल्या हनफी पंथाचा ग्रंथ मूळ अरबी. त्याचं फारसी झालं, आणि त्या फारसीवरून चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ साली इंग्रजी केलं. आपल्या कोकणाला ज्याची खरी गरज, तो शाफई पंथाचा, इमाम नववींचा 'मिन्हाज' तर आणखी लांबून आला: अरबीवरून बटाव्हियात १८८२पासून फ्रेंच, आणि त्या फ्रेंचवरून १९१४ साली लंडनमध्ये इंग्रजी. पुढे १९२५ साली अझीझ बानो खटल्यात अलाहाबाद हायकोर्टाने सांगितलं की मुसलमानी कायदा हा परका कायदा नव्हे. तो न्यायाधीशाने स्वतः ठरवायचा, त्यावर जाणकाराची साक्ष घ्यायची नाही. म्हणजे वहिवाट सांगणाऱ्या म्हाताऱ्याला कोर्टात बोलावता येई, पण शरियत जाणणारा आलिम दाराबाहेर. याला शरियतचा अंमल कसं म्हणायचं?

आता हे आपल्या अंगणात आणून पाहा. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. पण कायद्याच्या पुस्तकांतला नियम असा, की सुन्नी माणूस हनफीच धरायचा. तसा नसेल तर त्याने ते दाखवून द्यायचं. फरक किरकोळ नव्हता. धाकदपटशाने वदवून घेतलेला तलाक हनफी मताने लागू होतो (कलकत्त्याच्या हायकोर्टाने १८६९ साली तसा निवाडाही दिला), शाफई मताने होत नाही. नवरा पोसायला असमर्थ असेल तर शाफई काझी निकाह तोडू शकतो, हनफी नाही. एखाद्या कोकणी बाईच्या वकिलाला "आम्ही शाफई" एवढं मांडायचं सुचलं नाही, की ती हे दोन्ही आधार गमावून बसायची.

आणि भाषा? समजा, साक्षीदार मराठीत म्हणाला, "त्यानं तिला सोडली." न्यायाधीशाच्या इंग्रजी टिपणात तेवढ्यावर 'डिव्होर्स' पडायला कितीसा वेळ लागतो? पण रागाच्या भरात माहेरी धाडली, नांदवायचं थांबवलं, की तलाक दिला? आपल्याकडची 'सोडली' तिन्ही सांगते. त्या एका क्रियापदावर बाईचा आयुष्यभराचा हक्क टांगलेला.

१९०५ साली मुंबई हायकोर्टात साराबाई विरुद्ध राबियाबाई हा खटला चालला. नवऱ्याने बायकोच्या गैरहजेरीत, काझीपुढे, परत न घेता येणारा तलाक दिला होता. न्यायमूर्ती बॅचलर यांनी तो ग्राह्य धरला. धर्माच्या दृष्टीने वाईट, पण कायद्याने पक्का, असा त्यांचा अभिप्राय. १९३२ साली प्रिव्ही कौन्सिलने त्याची टोकाची पायरी गाठली. रशीद अहमद खटल्यातल्या नवराबायकोने तलाकनंतर पंधरा वर्षं एकत्र संसार केला होता, त्यांना पाच मुलं झाली होती. तरी तलाक खरा ठरला आणि मुलं अनौरस.

पण इथेच दुसऱ्या वाक्यवाल्यांना थांबवलं पाहिजे. बॅचलरांनी हा तलाक स्वतःच्या मनाने रचला नाही, तो हनफी ग्रंथांत होता. बेपत्ता नवऱ्याची वाट त्याचं वय नव्वद होईपर्यंत पाहायची, हेही हनफी ग्रंथांतलंच. या जाचातून सुटायला पंजाबात बायका धर्म सोडू लागल्या, तेव्हा अशरफ अली थानवींसारख्या कडव्या हनफी आलिमाने मालिकी या दुसऱ्या सुन्नी पंथाच्या मताचा आधार घेण्याची वाट दाखवली आणि १९३९चा विवाहविच्छेद कायदा झाला. त्यात बेपत्ता नवऱ्याची मुदत चार वर्षांवर आली. शरियत निर्दोष होती म्हणणाऱ्यांनी थानवींना विचारावं, मग हा खटाटोप कशासाठी?

शिवाय सगळेच न्यायाधीश डोळे मिटून बसले नव्हते. १८६४ साली मुंबईच्या हायकोर्टासमोर पारकर आणि रोघे या कोकणी घराण्यांचा वाद आला. शाफई घरातल्या वयात आलेल्या मुलीला हनफी मत पत्करून बापाच्या संमतीशिवाय निकाह करता येतो, असं कोर्टाने ठरवलं. १८७८ साली कलकत्त्याच्या हायकोर्टाने, बायकोला उद्देशून न म्हटलेला तिहेरी तलाक धरलाच नाही. म्हणजे पुरावा नीट तपासला की त्याच कायद्यातून वाट निघत होती.

आता माझं मत. कर्जत तालुक्यातल्या माथेरानला १८९९ साली जन्मलेले असफ अली असगर फैजी हे मुसलमानी कायद्याचे मोठे भाष्यकार. मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे ते प्राचार्य होते. कोर्टात चालणारा 'मुसलमानी कायदा' आणि शरियत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी आयुष्यभर बजावलं. मला तेच पुढे न्यायचं आहे. हा कायदा जर कोर्टातल्या पुराव्यावर घडला असेल, तर पुराव्याचा भार ज्याने तलाक दिल्याचा दावा केला त्याच्यावरच टाका. मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने २००२ साली दगडू पठाण खटल्यात हेच सांगितलं: तलाक दिला असं नुसतं म्हणून भागत नाही, कारण, समेटाची खटपट, उच्चार, सगळं शाबीत करावं लागतं. त्याच वर्षी शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही कैफियतीतल्या "तलाक आधीच दिला" या वाक्याला तलाक मानायचं नाकारलं.

कोणी म्हणेल, तिहेरी तलाकवरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा निकाल आणि २०१९चा कायदा आल्यावर हा वाद संपला. संपला नाही. रद्द झाला तो एका दमातला तलाक. टप्प्याटप्प्याने दिलेला तलाक आजही कायद्यात आहे, आणि पोटगीच्या अर्जावर "मी तो केव्हाच दिला" हे उत्तर आजही देता येतं.

म्हणून कर्जत-खालापूरच्या वकील बंधुभगिनींना माझी कळकळीची विनंती आहे. असं उत्तर समोर आलं की अशिलाला घरी पाठवू नका. उलटतपासणीत विचारा: कोणत्या तारखेला, कुठे, कोणासमोर, कोणत्या शब्दांत, कशासाठी? तिच्याकडून समेटाला कोण बसलं होतं? आणि तुमचा मजहब, म्हणजे पंथ, कोणता: शाफई की हनफी?